दोन मिलिलिटर दुधाविषयी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी वॉर्डात होते आणि धड बोलता आले नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे. बाळाची पीडीए, म्हणजे महाधमनी आणि फुप्फुसांकडे जाणारी धमनी यांना जोडणारी, जन्मानंतर बंद व्हायला हवी अशी नळी, औषधांनी बंद झाली नाही आणि आता शस्त्रक्रिया करावी लागणार, हे कळल्यापासून तुम्हा दोघांचे सारे लक्ष तिकडेच लागले असणार. शस्त्रक्रियेविषयी सर्जन तुला माझ्यापेक्षा नीट सांगतील. मला सांगायचे आहे ते तिच्या आगेमागे बाळाला मिळणाऱ्या पोषणाविषयी, कारण धावपळीत नेमके तेच मागे पडलेले मी पाहिले आहे.

चरबी, कॅल्शियम, फॉस्फरस आणि लोह यांचा बहुतेक साठा बाळाला शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून मिळतो. 25व्या आठवड्यात जन्मलेल्या तुझ्या लेकीला तो मिळालाच नाही. त्यातच ही नळी उघडी राहिल्याने महाधमनीतले रक्त फुप्फुसांकडे वळते आणि आतड्यांना ते कमी पडते, म्हणून डॉक्टर द्रव पदार्थ मोजून देतात आणि दूध वाढवताना जपून असतात. त्यांची काळजी रास्त आहे, पण हिशेब कसा बिघडतो ते बघ. बाळ 800 ग्रॅमचे आहे आणि किलोमागे दिवसाला 130 मिलिलिटर ठरले आहेत असे धर, म्हणजे एकूण 104 मिलिलिटर. प्रतिजैविके, रक्तदाबाचे औषध आणि शिरेत घातलेली नळी तुंबू नये म्हणून सोडलेले सलाईन यांत त्यातले 25-30 सहज जातात, आणि किलोमागे साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रथिने व शंभरएक उष्मांक उरलेल्या जागेत बसवावे लागतात. म्हणून औषधे शक्य तितक्या कमी पाण्यात देता येतील का आणि शिरेतून जाणारे पोषण अधिक दाट करता येईल का, हे तू रोज विचार. असे विचारणे म्हणजे डॉक्टरांच्या कामात ढवळाढवळ नव्हे.

एक प्रसंग मी विसरू शकत नाही. आमच्याकडच्या एका बाळाचे दूध सकाळच्या शस्त्रक्रियेसाठी पहाटे थांबवले होते. शस्त्रक्रिया आधी दुपारवर गेली, मग दुसऱ्या दिवसावर, आणि दूध पुन्हा सुरू करायचे कोणाच्याच लक्षात आले नाही. आईच्या दुधासाठी सहसा चार तासांचा उपास पुरेसा धरतात. त्या बाळाला दीड दिवस घडला. चार्ट माझ्याही हातात होता, याची खंत आजही वाटते. म्हणून वेळ पुढे ढकलली गेली, तर लगेच नर्सना आठवण कर. शिरेतले पोषण काढताना त्याजागी ग्लुकोज चालू राहते ना आणि रक्तातील साखर तपासली जाते ना, हेही विचार, कारण ते एकदम थांबले तर साखर फार वेगाने खाली येते.

आता आईच्या दुधाचे. पोटात घातलेल्या नळीवाटे दर तीन तासांनी 2 मिलिलिटर, म्हणजे दिवसभरात 16. एवढ्याने बाळाचे पोट भरत नाही, हे खरेच. पण ते दूध आतड्यांचे अस्तर जिवंत ठेवण्यासाठी असते. आतडी रिकामी राहिली की ते पातळ होत जाते, आणि आतड्याला सूज येऊन ते सडण्याचा जो आजार या बाळांना होतो, त्याचा धोका आईच्या दुधाने कमी होतो. वहिनींना सांग, पंपाने काही थेंबच निघाले तरी ते टाकू नयेत. सुरुवातीचा चीक तर सिरिंजमध्ये जमवून द्यावा.

शस्त्रक्रियेनंतर पहिला दिवस रक्तदाब आणि श्वास सांभाळण्यातच जातो. ते स्थिरावले की दूध थोडे-थोडे वाढवतात आणि पुढे त्यात फोर्टिफायर, म्हणजे दुधाचे पोषणमूल्य वाढवणारे पूरक, घालतात. पोट फुगणे, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त यांपैकी काहीही दिसले तर लगेच सांगा. शस्त्रक्रियेनंतर छातीत ठेवलेल्या निचऱ्याच्या नळीतून दुधासारखा पांढरा स्राव आला, तर काही काळ वेगळ्या प्रकारच्या स्निग्धांशाचे दूध द्यावे लागते. शस्त्रक्रियेत स्वरयंत्राच्या डाव्या नसेला धक्का बसू शकतो, मग रडणे घोगरे होते आणि गिळताना दूध श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. म्हणून तोंडाने पाजण्याआधी तपासणी करून घ्या. चोखणे, गिळणे आणि श्वास यांचा मेळ गर्भधारणेपासून मोजलेल्या 32-34 आठवड्यांच्या सुमारास बसू लागतो, तेव्हा त्याची घाई नको.

वजन रोज लिहून ठेव, पण अंगावर सूज असेल तर वाढलेल्या आकड्यावर विसंबू नकोस. डोक्याचा घेर आणि लांबी दर आठवड्याला मोजायला सांग. शस्त्रक्रियेची वेळ ठरली की मला कळव, रात्री कितीही वाजले असले तरी.

तुझी मैत्रीण