बेबियाच्या पिठातली अक्षरं

प्रिय बेबिया,

तुमच्या जॉर्जियन भाषेत आजीला बेबिया म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. पत्र मराठीत आहे. तुमची नात फोनवर अर्थ लावून सांगेल, आपण चार दिवस बोललो तसंच.

बोदबेच्या मठाखाली, संत निनोच्या झऱ्याकडून वर येताना माझा पाय मुरगळला, तेव्हा तुम्ही मागेच होतात. डोक्याचा रुमाल सोडून माझ्या घोट्याला घट्ट बांधलात आणि ओळखीची गाडी थांबवून मला थेट घरी नेलंत. मला काझबेगीला जायचं होतं. त्या बर्फाच्या डोंगराचे फोटो पाहूनच मी जॉर्जियाला आले होते. ते राहिलं, आणि पहिली संध्याकाळ मी त्याच हळहळीत घालवली.

दुसऱ्या दिवशी अंगणात चुलीवर द्राक्षांचा रस आटत होता. द्राक्षतोडणी, तुमची र्त्वेली, नुकतीच आटोपली होती. तुम्ही माझ्या हाती सुई-दोरा दिलात आणि अक्रोडाचे गर ओवायला बसवलंत. ती माळ पीठ घालून दाट केलेल्या रसात बुडवायची, वर धरायची, थेंब गळायचे थांबले की काठीला टांगायची. तुमची ही मिठाई, चुर्चखेला, अशी होते हे मला कुठे ठाऊक होतं!

मी भिंतीवरच्या कॅलेंडरची गोल गोल अक्षरं न्याहाळतेय हे तुमच्या लक्षात आलं. तुम्ही परातीत पीठ पसरलंत आणि बोटाने 'आ' काढलात, शेजारी 'इ'. मग म्हणालात, "आइ इआ." हे बघ, जांभळं फूल. याकोब गोगेबाश्विलींच्या 1876 सालच्या 'देदा एना' या बालपुस्तकाची सुरुवात याच शब्दांनी होते. दोन अक्षरं शिकलेलं मूल लगेच अख्खं वाक्य वाचतं! मला मात्र त्यात 'आई' ऐकू आली. आमच्याकडे पूर्वी मुलं धूळपाटीवर अक्षरं गिरवत. मी ती पहिल्यांदा गिरवली तुमच्या अंगणात, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी.

तीन दिवसांत तेहेतीस अक्षरं झाली. त्यातच तुम्ही 14 एप्रिल 1978 ची गोष्ट सांगितलीत. सोव्हिएत काळात जॉर्जियन भाषेचा राजभाषेचा दर्जा राज्यघटनेतून काढायचा घाट घातला गेला, तेव्हा राजधानी त्बिलिसीच्या रस्त्यावर हजारो लोक उतरले. दर्जा टिकला. त्या गर्दीत विद्यार्थिनी म्हणून तुम्हीही होतात. सांगताना हातातली माळ तुम्ही रसावर तशीच धरून ठेवली होतीत, थेंब कधीच थांबले होते. तुमच्या देशावर माझा जीव जडला तो तेव्हा. आपल्या भाषेसाठी रस्त्यावर उतरलेली बाई मला पिठात तिची मुळाक्षरं शिकवत होती.

निघताना सिघनाघीच्या थांब्यावर मार्श्रुत्काच्या, म्हणजे तुमच्याकडच्या मिनीबसच्या, काचेमागची पाटी मी एकेक अक्षर लावत वाचली: त्बिलिसी. सात अक्षरं, त्यात तीनदा तुमची 'इ'. मोठ्याने वाचलं तशी तुम्ही टाळ्या वाजवल्यात, आणि ड्रायव्हरनेही.

त्या रुमालासाठी, त्या परातीसाठी, चार रात्री उशाशी ठेवलेल्या पाण्याच्या तांब्यासाठी, मादलोबा, म्हणजे धन्यवाद, बेबिया. रुमाल धुऊन सोबत पाठवते आहे. पाकिटावरचा पत्ता मी स्वतः तुमच्या लिपीत लिहिला आहे.

तुमची,
पिठात अक्षरं गिरवणारी पाहुणी