बाळ्या, तुझं नाव पेपरात आलं होतं

प्रिय बाळ्या,

आधी काय शिव्या घालायच्या त्या घालून घे आणि मग वाच. गणपतीत फोन करतो म्हणालो होतो, गणपती गेले, दिवाळी गेली, तू तालमीतल्या पोरांनी केलेल्या किल्ल्याचे फोटो पाठवलेस आणि मी नुसता अंगठा दाखवून गप्प बसलो. इकडं सगळे बरे आहेत. माझी शुगर जरा वर असते, गोळी चालू आहे, थंडीत गुडघा धरतो, बास.

फोनवर सांगता आलं असतं पण तू मला फोनवर बोलू देतोस कुठं, हॅलो म्हटलं की शाहू स्टेडियमवर काल कोण कुणाकडनं किती गोलनं हरलं हेच चालू होतं तुझं, आणि तासाभरानं ठेवताना म्हणतोस अरे तू काय म्हणत होतास. म्हणून लिहितोय.

पोराला शाळेत इतिहासाचा प्रोजेक्ट होता, आपल्या भागातली एखादी गोष्ट घ्या म्हणून. आमच्या घरापासून गाडीनं वीस मिनिटांवर कार्लाईल नावाचं गाव आहे, मागे तू म्हणालेलास की नाव एखाद्या साबणाचं वाटतं, तेच. तिथं १८७९ ते १९१८ एक शाळा होती, अमेरिकेतल्या मूळ आदिवासींच्या पोरांसाठी. शाळा म्हणायचं पण सगळा कारभार लष्करी. पोरं हजारो मैलांवरनं रेल्वेत घालून आणायची, आल्या आल्या केस कापायचे, स्वतःच्या भाषेत बोलायची बंदी, आणि नावं बदलायची. पहिल्या तुकडीतल्या एकानं पुढं लिहून ठेवलंय की फळ्यावर इंग्रजी नावं लिहिलेली होती, वाचता तर येत नव्हती, हातात काठी दिली आणि म्हणाले यातल्या एकाला लाव. लावली. त्या दिवसापासून तो ल्यूथर. पोरगं जेवताना हे सांगत होतं आणि माझा घास तोंडातच राहिला.

पण प्रोजेक्ट होता फुटबॉलचा. आपला नव्हे, यांचा, हातात धरून पळायचा. थांब, लगेच तोंड वाकडं करू नकोस, तू तो खेळ पाच मिनिटं बघून टीव्ही बंद केला होतास ते माझ्या लक्षात आहे. १९१२ चा सीझन ऐक. त्याच वर्षी नियम बदललेले, दहा यार्ड जायला तीनच्या ऐवजी चार चान्स, टचडाउनला पाचाऐवजी सहा पॉइंट, आणि बॉल पुढं फेकायला वीस यार्डांची जी मर्यादा होती ती काढून टाकली. त्याआधी हा खेळ म्हणजे नुसती ढकलाढकली. त्यात इतकी पोरं मरायची की १९०५ मधे खुद्द प्रेसिडेंट रूझवेल्टनी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनवाल्यांना व्हाइट हाउसवर बोलावून सांगितलं, खेळ सुधारा. पुढच्याच वर्षी पुढं पास टाकायला परवानगी मिळाली आणि कार्लाईलच्या पोरांना असाच खेळ पाहिजे होता, कारण अंगानं ती समोरच्यांपेक्षा हलकी पण पायात वारा. आपली टीम आठव. आपण पण वजनात कधी कुणाला भारी पडलो नाही, तू एकटा सोडून.

चौदा मॅच खेळले. बारा जिंकल्या, एक बरोबरी, एक हार. पिट्सबर्गला ४५-८, सिरॅक्यूजला ३३-०, व्हिलानोव्हाला तर ६५-०. वॉशिंग्टन अँड जेफरसनशी शून्य-शून्य. आणि ही खऱ्या अर्थानं कॉलेजची टीम नव्हती रे, पोरं दिवसा शिवणकाम नाहीतर लोहारकाम शिकायची, नाहीतर आसपासच्या शेतांवर कामाला पाठवलेली असायची. मोठ्या मॅच बहुतेक सगळ्या दुसऱ्यांच्या ग्राउंडवर, कारण गेटचे पैसे तिकडं मिळायचे. एस्टीच्या मागच्या सीटवर बूट उशाला घेऊन झोपलेले आपण, ते हेच की.

त्या टीमचा हाफबॅक म्हणजे जिम थॉर्प. ओक्लाहोमाचा, सॅक अँड फॉक्स जमातीचा. त्याच उन्हाळ्यात स्टॉकहोमच्या ऑलिम्पिकला जाऊन पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन दोन्हींत गोल्ड घेऊन आला आणि लगेच टीममधे. ९ नोव्हेंबरला वेस्ट पॉइंटला आर्मीशी मॅच. विचार कर, ज्यांच्या आजोबांशी हे सैन्य लढलं त्यांचे नातू सैन्याच्या कॉलेजशी खेळतायत, वूंडेड नीला या सैन्यानं आदिवासींचं हत्याकांड करून बावीसच वर्षं झालेली. कोच वॉर्नर, सगळे पॉप म्हणायचे, त्यानं या मॅचसाठी नवीनच मांडणी काढली, डबल विंग म्हणतात तिला. आर्मीकडं आयझेनहॉवर होता, तोच, पुढं प्रेसिडेंट झालेला. थॉर्पला दोन्हीकडनं चेपायला तो आणि अजून एक असे धावले आणि तेच दोघं एकमेकांवर आदळले असं सांगतात. २७-६. पुढच्याच शनिवारी पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीकडनं ३४-२६ हरले, सीझनची ती एकच हार. आधीचा शनिवार डोक्यातनं उतरला नसणार असं मला वाटतं, तू म्हणशील डिफेन्स ढिला होता. असू दे.

आता मुद्द्यावर येतो.

१९१३ च्या जानेवारीत एका पेपरात छापून आलं की थॉर्प ऑलिम्पिकच्या आधी दोन उन्हाळे नॉर्थ कॅरोलिनात पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. किरकोळ पैसे. पण ऑलिम्पिकला जो पैसे घेऊन खेळला तो चालायचा नाही. आणि बाळ्या, असे उन्हाळ्यात पैसे घेऊन खेळणारे कॉलेजवाले कितीतरी होते, फक्त ते खोट्या नावानं खेळायचे. हा स्वतःच्या नावानं खेळला. मग थॉर्पच्या सहीचं एक पत्र गेलं, मी साधा शाळकरी इंडियन (म्हणजे इथला आदिवासी) पोरगा, मला यातलं काही कळत नव्हतं, बाकीच्यांनी केलं तेच मी केलं, त्यांनी फक्त आपली नावं वापरली नाहीत. आणि वॉर्नर म्हणाला मला यातलं काही माहीत नव्हतं. दोन वर्षं आपला सगळ्यात भारी प्लेअर शाळेतनं गायब होतो, परत येतो, परत याच म्हणून याचंच पत्र गेलेलं असतं, आणि कोचनं साधं विचारलं पण नाही की बाबा होतास कुठं? माझा नाही विश्वास. डोक्यानं तो माणूस फार मोठा होता, पण त्या दिवशी त्यानं आपली कातडी वाचवली आणि पोराला पुढं केलं. दोन्ही गोल्ड काढून घेतली. पुढं त्याच शाळेच्या दोनशेहून जास्त पोरापोरींनी सह्या करून वॉशिंग्टनला अर्ज धाडला, पुढाकार कुणाचा, तर त्याच टीमचा क्वार्टरबॅक गस वेल्श. १९१४ मधे चौकशी लागली, सुपरिंटेंडेंट गेला, त्या सीझननंतर वॉर्नरही गेला.

पोरगं हे सगळं मला वाचून दाखवत होतं आणि मधेच थांबून म्हणालं, बाबा, म्हणजे खोटं नाव सांगितलं असतं तर तो वाचला असता?

मी उठलो आणि भांडी घासायला लागलो. घरात डिशवॉशर आहे.

तुला कळलं असेलच. दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही, हिला पण मी कधी सांगितलेलं नाही.

गडहिंग्लजच्या बाजूची ती टूर्नामेंट, १९९८ चा जानेवारी. दीडशे रुपये आणि रात्री तांबड्या रश्श्याचं जेवण. टेबलावर ते रजिस्टर घेतलेले काका नावं विचारत होते, मी मामेभावाचं नाव सांगितलं, आणि तू वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव सांगितलंस. मी पायावर पाय दिला तरी सांगितलंस. येताना एस्टीत किती हसला होतास, तुझ्या मामेभावाला फुटबॉल गोल असतो का चौकोनी ते तरी माहीत आहे का म्हणून. फायनलला माझ्या बुटाचा तळ उघडला तर तू तुझे बूट काढून मला दिलेस आणि हरलेल्या टीमकडनं मागून आणलेले, एक आठ नंबर एक नऊ नंबर, ते घालून खेळलास. दोन गोल मारलेस. पोराच्या प्रोजेक्टमधे थॉर्पचा स्टॉकहोमचा फोटो आहे, त्याचे बूट कुणीतरी लांबवले होते म्हणतात, पायात दोन वेगळे बूट आणि दोन वेगळे मोजे. तो फोटो मला बघवत नाही रे.

पेपरात तुझं नाव आलं. माझं कसं येणार.

सरांनी आपल्याला जाताना बघितलं होतं, जा पण मला सांगू नका म्हणाले होते, तुझ्यासमोरच. पुढचं तुझ्यासमोर झालं नाही. मला आणि अजून दोघांना जिमखान्याच्या खोलीत बोलावलं आणि माझं अक्षर चांगलं म्हणून पेन माझ्या हातात. ते सांगत होते, मी लिहीत होतो. सदर खेळाडूच्या परस्पर सहभागाबाबत आम्हांस कोणतीही पूर्वकल्पना नव्हती. मी पूर्वकल्पनेतला पू ऱ्हस्व लिहिला, तर त्यांनी लाल पेननं गोल केला आणि अख्खा कागद परत लिहायला लावला. म्हणजे मी ते एकदा नाही, दोनदा लिहिलंय. दुसऱ्यांदा लिहिताना थांबता आलं असतं. तेवढा वेळ होता माझ्याकडं. नाही थांबलो.

तुला एक वर्ष बाहेर बसवलं आणि युनिव्हर्सिटीच्या टीममधे तुझ्या जागी मी गेलो. ते सर्टिफिकेट पहिल्या नोकरीच्या इंटरव्ह्यूला साहेबांनी उलटसुलट करून बघितलं होतं, त्यावरच दहा मिनिटं बोलले.

आणि तू ऑफिसातनं बाहेर आलास आणि म्हणालास चल, चहा पिऊ. एवढंच. त्यांनी तुला तो कागद दाखवला होता का? माझं अक्षर तू ओळखतोस, तुझी निम्मी जर्नलं मीच लिहिलेली. सत्तावीस वर्षं मला हे विचारायचंय. त्याच महिन्यात भेळेच्या चाळीस रुपयांवरनं आपण भांडलो आणि दोन महिने बोललो नाही. सगळ्यांना वाटलं चाळीस रुपयांवरनं. मला कधी तसं वाटलं नाही. चाळीस रुपयांसाठी तू भांडणारा नव्हेस, तू रस्त्यात भेटलेल्या कुणालाही शंभर काढून देणारा. (चाळीस तूच द्यायचे होतेस पण, ते मी अजून सोडलेलं नाही.)

परवा ९ नोव्हेंबरला आम्ही दोघं कार्लाईलला जाऊन आलो. आता तिथं आर्मीचं कॉलेज आहे, त्या पोरांचं ग्राउंड अजून आहे, इंडियन फील्डच म्हणतात. रस्त्याच्या कडेला छोटं कब्रस्तान आहे, पांढरे दगड ओळीनं, शाळेत मेलेल्या पोरांचे. दगडावर नाव, जमात, काही ठिकाणी नुसतं अननोन. २०१७ पासून घरचे लोक येऊन आपापल्या पोरांना उकरून घरी नेतायत. २०२४ च्या डिसेंबरात तिथं राष्ट्रीय स्मारक जाहीर झालं. पोरगं वाकून एकेक नाव वाचत होतं, हे खरं नाव का शाळेनं दिलेलं असं मला विचारत होतं, आणि मी नुसता त्याच्या मागनं चालत होतो.

थॉर्प १९५३ मधे गेला. ऑलिम्पिकवाल्यांनी १९८२ मधे त्याचं नाव परत घातलं, ते पण दुसऱ्याच्या बरोबरीनं, आणि एकट्याचं नाव लावायला २०२२ उजाडलं. मला एवढा वेळ घ्यायचा नाही बाळ्या. मला माहीत होतं. मी तुझ्या शेजारी खेळत होतो, तुझे बूट घालून. लिहून दिलं ते खोटं होतं आणि ते माझ्या हातचं होतं. हे तू ज्याला दाखवायचं त्याला दाखव, तालमीच्या ग्रुपवर टाक हवं तर, माझं पूर्ण नाव घालून.

तुझं काय चाललंय? वहिनींचं मोतीबिंदूचं झालं का? धाकटीला पुण्याला अॅडमिशन मिळाली ऐकलं, अभिनंदन सांग, फी कमी पडत असेल तर संकोच करू नकोस. घरासमोरच्या गटारीचं काम झालं का अजून तसंच? अंडर फोर्टीनची पोरं कशी आहेत, तो डावखुरा अजून येतो ना खेळायला?

२० डिसेंबरला कोल्हापुरात पोचतोय, पोराला घेऊन. स्टेशनवर येऊ नकोस, मी थेट ग्राउंडवर येतो सकाळी.

तुझाच,
पिंट्या

ता.क. पोराला अजून यातलं काही सांगितलेलं नाही. आधी तुला.