बाई, त्या रविवारी तुम्ही तबक तसंच पुढे दिलंत

आदरणीय बाई,

जय ख्रिस्त.

तुम्ही पुण्याला लेकीकडे राहायला गेलात आणि आभार मानायचे राहूनच गेले. समोरासमोर तुम्ही ते मानूही दिले नसते. "अरे, चहा गार होतोय" म्हणून विषय बदलला असता. म्हणून हे उघड्यावर लिहितोय, म्हणजे तुम्हाला मध्येच अडवता येणार नाही. तुमचं नाव घालत नाही. नगरातल्या ज्या पोरांना तुम्ही पाढे शिकवले, ती ओळखायचं ते ओळखतीलच.

माझं घर माळकऱ्यांचं. आजोबा वारी करायचे, वडील भजनी मंडळात पखवाज वाजवायचे, मी तबल्यावर बसलो. देवाची ओढ मला त्याच घराने लावली आणि त्या घराबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढे भेटलेल्यांबद्दल. वडील गेल्यावर हात ठेका धरायचे, पण भजन वरच्यावर निघून जायचं. नोकरी होती, घर होतं, पोरं शिकत होती. तरी रात्री अडीच-तीनला डोळे उघडायचे आणि काहीतरी ओढत राहायचं. कशाची उणीव आहे, तेही नीट सांगता येत नव्हतं.

सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एका आश्रमाच्या शिबिराला गेलो. तिथे पुढच्या रांगेचे दर वेगळे, मागच्या रांगेचे वेगळे. महाराजांना विचारलं, हे आतून ओढतं ते काय असतं? उत्तर आलं, पुढच्या पातळीच्या शिबिरात कळेल. मग एका ओळखीच्याने मंडपातल्या प्रार्थनासभेला नेलं. तिथे नाव येशूचंच होतं. आई आजारी आहे म्हटल्यावर प्रचारकाने माझ्या डोक्यावर हात ठेवून आरोळ्या ठोकल्या, आणि आई गेली तेव्हा "तुमचा विश्वास कमी पडला" एवढं बोलून तो मोकळा झाला. आईच्या मरणाचा हिशेब पोराच्या नावावर मांडायला माणसाला काय लागतं कोण जाणे.

तुमच्या मंडळीत मी आलो तो नाताळच्या भजनांना तबला वाजवायला, बिदागी ठरवून. हे मुद्दाम लिहितो, कारण "किती पैसे मिळाले रे?" असं डोळा मारून विचारणारे अजून भेटतात. चर्चकडून आजवर मला मिळालेले पैसे म्हणजे ती बिदागी. तीसुद्धा फेब्रुवारीत हातात पडली.

तालमीत तुम्ही टिळकांचं, म्हणजे ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांचं पद काढलंत. मी गोऱ्या लोकांच्या चालीवर वाजवायची तयारी करून बसलेलो, आणि समोर आला चक्क अभंग. हात आपोआप भजनी ठेक्यावर गेला. तुम्ही चष्म्यावरून बघत म्हणालात, "ओळखीचं वाटतंय ना, तबलेवाले? टिळक म्हणायचेच, मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणून." नाताळ संपला, तरी मी रविवारी येऊन बसायला लागलो. का, ते मलाही सांगता आलं नसतं.

सगळ्यांनी जागा करून दिली असं म्हटलं तर ते खोटं होईल. गाव कुठलं, आडनाव काय, आणि आडनाव कळलं की मग चेहऱ्यावर पुढचं गणित. येशूने विहिरीवर शोमरोनी बाईकडे पाणी मागितलं, तिची जात मध्ये येऊ दिली नाही, यावर त्याच वेदीवरून सुरेख उपदेश ऐकला होता. ऐकून बाहेर पडलो तर पायरीवर पुन्हा आडनाव.

आणि मग तो महिन्याचा पहिला रविवार. त्या दिवशी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीचा विधी असतं हे मला कुठलं ठाऊक! भाकरीच्या तुकड्यांचं तबक रांगेतून सरकत येऊ लागलं, त्याच्यामागे द्राक्षरसाच्या इवल्या पेल्यांचं. बाप्तिस्मा न झालेल्याने घ्यायचं नसतं, एवढं मागच्या कुजबुजीतून समजलं. उठून जावं तर बाकाच्या मधोमध अडकलेलो. पंगतीत बसवून पान न मांडलेल्या माणसासारखं झालं, हात कुठे ठेवावे ते कळेना. तबक तुमच्याकडे आलं. तुम्ही ते दोन्ही हातांनी घेतलंत, क्षणभर धरलंत, आणि काही न उचलता माझ्यापलीकडच्या माणसाला दिलंत. पेल्यांचंही तसंच. मग पदर सावरून समोर बघत बसलात. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीत. पाहिलं असतंत तर बहुतेक मी उठून गेलो असतो आणि पुन्हा आलो नसतो.

मला वाटलं, बाईंची तब्येत बरी नसेल. खरी गोष्ट फार पुढे, पाळकसाहेबांच्या बोलण्यातून निघाली. तुम्ही म्हणे तरुणपणापासून पहिला रविवार चुकवलेला नाही, ताप अंगात असताना रिक्षा करून आला आहात. त्या दिवशी उपासना सुटल्यावर मंडळीच्या दोघा पंचांनी तुम्हाला बाजूला घेऊन विचारलं होतं, "बाई, मनात काही पाप आहे का, घेतलं नाहीत ते?" आणि तुम्ही म्हणाला होतात, "पाहुणा उपाशी होता."

बाई, हे वाक्य ऐकलं त्या दिवशी मी घरी येऊन रडलो. महाराजांनी माझ्या तहानेला दर लावला होता, प्रचारकाने ती मापून कमी भरवली होती. तुम्ही माझ्याबरोबर उपाशी राहिलात. नंतर डोंगरावरचं प्रवचन वाचायला घेतलं तेव्हा सुरुवातीलाच येशू भुकेल्या-तान्हेल्यांना धन्य म्हणतो तिथे थबकलो. मला जे दुखणं वाटत होतं, त्याला तो धन्य म्हणत होता. या प्रवचनाच्या तीन अध्यायांनीच टिळकांना धरून ठेवलं होतं, हेही तुम्हीच सांगितलंत. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक गोरा प्रवासी भेटतो काय, कवितेवर गप्पा मारतो काय, आणि उतरताना नवा करार हातात ठेवतो काय! दोघांनी एकमेकांचं नावही विचारलं नाही. टिळकांना आभाराचं पत्र लिहायला पत्ताच नव्हता. माझ्याकडे तुमचा आहे.

तुम्ही मला कधी घाई केली नाहीत. उलट दटावलंत. 1895 साली टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंना ते मागाहून कळलं, त्यानंतरची वर्षं त्यांनी कशी काढली, हे सांगताना तुमचा आवाज चढला होता. "टिळक मोठे, पण ते चुकले. बायकोला अंधारात ठेवून कसली आलीय भक्ती?" मी घरी सगळं सांगितलं, आधी सांगितलं. आमच्या घरात आजही देव्हारा आहे, बायको रोज दिवा लावते आणि मी तिला काडेपेटी शोधून देतो. ती तिच्या वाटेने चालली आहे. टिळकांनीही 1917 साली साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला तो बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांसाठी. तुमच्या त्या बाकावर तो दरबार मला फार आधीच भरलेला दिसला.

माझा बाप्तिस्मा कसा झाला, कोण काय म्हणालं, ते इथे लिहीत बसत नाही. मित्र विचारतात, मग मिळालं का जे शोधत होतास ते? पंडिता रमाबाईंचा 1883 साली इंग्लंडात बाप्तिस्मा झाला, आणि पुढे त्यांनीच लिहिलं की धर्म तर सापडला होता, ख्रिस्त सापडायला आणखी आठ वर्षं गेली. एवढी विदुषी, संस्कृत कोळून प्यायलेली, तिची ही कथा, तर मी कोण छातीठोक सांगणार? इतकंच सांगतो की रात्री अजूनही कधी कधी अडीचला जाग येते, पण आता ती ओढ मला एकट्याला खेचत नाही. समोरूनही कोणीतरी दोर धरला आहे. मी बोलतो, कधी नुसता बसतो आणि झोपतो. सकाळी तबल्यावर बोट पडलं की नाद आत पोचतो. वडिलांच्या वेळी पोचायचा, तसा.

आणि हे मला ज्यांच्यामुळे लाभलं, ते सगळे काही ख्रिस्ती नव्हते. आईच्या शेवटच्या दिवसांत रोज रात्री डबा आणून देणारे आमचे शेजारी नमाजी. त्यांनी कधी विश्वास मापला नाही, पोळ्या तेवढ्या मोजून आणल्या, एक जास्तीची. अशी माणसं उपदेश करायला उभी राहत नाहीत, त्यामुळे माइक नेहमी भलत्यांच्याच हातात जातो. तुम्हाला मंडळीने वेदीवर कधी चार शब्द बोलायला बोलावलं का हो? मला तरी आठवत नाही.

शब्बाथशाळेची, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेची पोरं आता दादरा बरा धरतात. पेटीची एक काळी पट्टी अजून अडकते. कमिटी दुरुस्त करू म्हणते, तुमच्या वेळेपासून म्हणतेय. नाताळच्या तालमी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू करतोय, तुमच्या लेकीने आणून सोडलं तर फारच बरं, नाहीतर मी न्यायला येतो. बायकोने एसटीच्या ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर शेंगदाण्याची चटणी धाडली आहे. ती म्हणते, यंदा मिरची तिखट निघाली, नातवंडांना बेताने द्या.

तुमचा,
तबलेवाला