काका, ते स्पूल तुम्ही लगेच वाजवले नाहीत

आदरणीय काका,

सरांच्या एकतीस वर्षांच्या कामातून निवडलेल्या बारा रचनांचा अल्बम आता तयार आहे. अनुबोधपटांसाठी, नाटकांसाठी, नृत्यनाट्यांसाठी सिंथेसायझरवर केलेलं हे शब्दांविना चालणारं संथ संगीत एकूण ७४ मिनिटांचं भरलं. श्रेयनामावलीत तुमच्या नावापुढे ‘टेप ट्रान्सफर आणि मास्टरिंग’ (जुन्या टेपांवरचं संगीत डिजिटल करणं आणि अल्बमला शेवटचा हात फिरवणं) एवढंच छापलंय. त्या शब्दांआड किती काम आहे हे ऐकणाऱ्यांनाही कळावं, म्हणून आभाराचं हे पत्र उघडपणे लिहितो आहोत.

सगळ्यात आधी आभार एका न केलेल्या गोष्टीचे. जुन्या टेपांच्या गुंडाळ्या, म्हणजे एकोणीस स्पूल, तुमच्या टेबलावर आले आणि तुम्ही त्यातला एकही लगेच मशीनवर चढवला नाहीत. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून १९९० च्या सुरुवातीपर्यंत बनलेल्या अनेक टेपांमध्ये चुंबकीय थर धरून ठेवणारं पॉलियुरेथेनचं बंधक हवेतला ओलावा शोषतं आणि चिकट होतं. पाठीला काळा, खरबरीत लेप असलेल्या टेपा यात जास्त सापडतात. अशी टेप तशीच वाजवली तर ती किंचाळते, हेडवर तपकिरी चिकटा साठतो, आणि त्या चिकट्यात संगीतच असतं. एकदा खरवडून निघालं की परत येत नाही. आपल्याकडचे चार महिन्यांचे पावसाळे पाहता बहुतेक जुन्या संग्रहांत हे होणारच, असं धरूनच चालायला हवं.

तुम्ही प्रत्येक स्पूल आधी उजेडासमोर धरलात. गुंडाळीतून उजेड आरपार दिसला तर टेप ॲसिटेटची, आणि ती कधीच भाजायची, म्हणजे ओलावा काढायला मंद उष्णतेत ठेवायची, नाही. तापली की वाळते, कडक होते, तुटते. आपल्या सगळ्या पॉलिएस्टरच्या निघाल्या. पांढरी बुरशी दिसलेले तीन स्पूल तुम्ही वेगळ्या खोलीत नेलेत, तोंडाला मास्क लावून साफ केलेत, कारण तीच बुरशी मशीनच्या वाटेने पुढच्या टेपांवर जाते. चिकट झालेले अकरा स्पूल प्रयोगशाळेतल्या इन्क्युबेटरमध्ये ५४ अंश सेल्सियसला आठ तास ठेवलेत, मध्यावर उलटलेत, मग तितकाच वेळ थंड होऊ दिलेत. स्वयंपाकघरातला ओव्हन का चालत नाही हेही तुम्ही समजावलंत: त्याचं तापमान दहा-वीस अंशांनी वरखाली होतं आणि उष्णता एकाच बाजूने लागते. भाजलेली टेप साधारण महिनाभर वाजण्यालायक राहते, पुढे पुन्हा ओलावा धरते. म्हणून एका आठवड्यात जेवढे ट्रान्सफर होतील तेवढेच तुम्ही त्या आठवड्यात भाजलेत.

पुढचं काम डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याचे आभार जरा सविस्तर. सेकंदाला १५ इंच वेगाच्या टेपेसाठी दोन प्लेबॅक कर्व्ह (वाजवताना वरचे-खालचे स्वर किती उचलायचे किंवा दाबायचे याची ठरलेली मापं) प्रचलित होते, एनएबी आणि आयईसी. डब्यावर कोणता ते लिहिलेलं नव्हतं. आयईसीवर मुद्रित झालेली टेप एनएबीवर वाजवली की वरचे स्वर सुमारे ३ डेसिबलने चढतात आणि ५० हर्ट्झच्या आसपासचा खर्ज तेवढाच खचतो. ऐकणारा म्हणतो, ‘वा, किती स्वच्छ!’ आणि सरांचा सगळा पाया नाहीसा झालेला असतो. ज्या टेपांच्या सुरुवातीला १०० हर्ट्झ, १ किलोहर्ट्झ आणि १० किलोहर्ट्झचे टोन (मापासाठी मुद्रित केलेले चाचणीचे स्वर) होते, तिथे मीटरनेच उत्तर दिलं. सहा टेपांवर टोन नव्हते. त्या तुम्ही त्याच स्टुडिओतल्या, त्याच वर्षाच्या टोन असलेल्या टेपांशी ताडून पाहिल्यात.

ॲझिमथचंही तसंच. हेडचा कोन टेपेशी जरा जरी तिरका राहिला तरी डाव्या-उजव्या चॅनलमध्ये सूक्ष्म अंतर पडतं आणि दोन्ही एकत्र केले की वरचे स्वर विझतात. तुम्ही दोन्ही चॅनल मोनोत ऐकत, वरचे स्वर सर्वांत उजळ होतील तिथे स्क्रू थांबवलात. एकेका स्पूलवर वेगवेगळ्या स्टुडिओंतले तुकडे जोडलेले असल्यामुळे हे प्रत्येक टेपेला नव्हे, प्रत्येक जोडाला करावं लागलं. अकरा कॅसेटींवर तर ते अधिकच महत्त्वाचं होतं. त्यांवर डॉल्बी बी ही खरखर कमी करणारी पद्धत वापरलेली होती, आणि वरचे स्वर आधीच कमी पोचले तर डॉल्बी ते आणखी दाबतं. सगळं डिजिटल स्वरूपात ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटला घेतलंत, शिखरं उणे ६ डेसिबलच्या खाली ठेवून. पाटीवर लिहिलेलं खरं न मानण्याची तुमची सवय डॅटच्या (डिजिटल मुद्रणाच्या छोट्या कॅसेटींच्या) वेळीही कामी आली. एका कॅसेटवर ‘४४.१’ लिहिलं होतं, पण मुद्रण ४८ किलोहर्ट्झचं होतं. तसंच चालवलं असतं तर दहा मिनिटांची रचना १० मिनिटं ५३ सेकंदांची झाली असती आणि पांढरी पाचचा (हार्मोनियमच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीचा) षड्ज पांढरी चार आणि काळी तीन यांच्या मध्येच कुठेतरी पडला असता. संथ संगीतात लय आठ टक्क्यांनी मंदावलेली चटकन कळत नाही. तुम्हाला मात्र पट्टी खटकली.

पांढरी पाचवरून आठवलं. आपल्या देशातला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा, म्हणून जुन्या टेपांवरची गुणगुण ५०, १००, १५०, २५० अशी येते. नेहमीचा उपाय म्हणजे त्या सगळ्या जागी खोल खाचा पाडणं, म्हणजे नेमक्या तेवढ्याच वारंवारतेचा आवाज काढून टाकणं. पण सरांचा आवडता खर्ज पांढरी पाचचा, आणि तिचा खालचा सूर ४९ हर्ट्झवर आहे, त्याच्या वरचा ९८ वर. ५० आणि १०० वर खाच म्हणजे थेट षड्जावर घाव. तुम्ही फक्त १५० आणि २५० च्या जागा अगदी अरुंद खाचांनी हलक्या केल्यात. ५० आणि १०० तशाच राहू दिल्यात, आणि सूर नसलेल्या जागांपुरत्याच तिथे आवाज खाली आणलात. हा निर्णय या अल्बममधला सर्वांत मोठा आहे, असं आमचं ठाम मत आहे.

खरखरीबाबतही तुम्ही हात आवरलात. आज एका बटणावर टेपेचा हिस, म्हणजे सततचा सूं आवाज, पुसता येतो, पण या प्रकारच्या संगीतात रिव्हर्बची (घुमाऱ्याची) शेपटी हळूहळू त्या हिसमध्येच विरते. सॉफ्टवेअरला दोन्ही सारखेच वाटतात. शेपटी मध्येच कापली जाते आणि उरलेल्या शांततेत पाण्याच्या थेंबांसारखे कृत्रिम चिवचिवाट ऐकू येतात. तुम्ही हिस ठेवलात, तो बारा रचनांत साधारण एका पातळीवर आणलात आणि दोन रचनांच्या मधल्या जागेत शून्य शांततेऐवजी त्याच टेपेचा रिकामा हिस जोडलात. टक आणि तुटलेले आवाज मात्र एकेक करून हाताने काढलेत.

रचनांचा क्रम लावताना तुम्ही ग्रीक संगीतकार व्हँजेलिसच्या ‘थीम्स’चं उदाहरण पुढे ठेवलंत. १९८९ च्या त्या संकलनात १९८२ च्या ‘ब्लेड रनर’चं मूळ संगीत पहिल्यांदा अधिकृतपणे ऐकायला मिळालं; त्या चित्रपटाचा त्याचा स्वतंत्र अल्बम थेट १९९४ मध्ये आला. त्या संकलनाची सुरुवात या संगीताने होते आणि शेवट १९८१ च्या ‘चॅरियट्स ऑफ फायर’ने. म्हणजे वर्षांचा क्रम पाळलेलाच नाही. आमच्या पहिल्या यादीत १९८३ पासून २०१४ पर्यंत सरळ रांग होती, आणि ती आवाजाच्या दृष्टीने फसत होती: सुरुवातीला चार ॲनालॉग रचना, शेवटी पाच डिजिटल. अल्बम मध्येच दुभंगल्यासारखा वाटत होता. तुम्ही पट्टी आणि पोत पाहून जोड्या लावल्यात. १९८६ च्या टेपेवरचा जाड, किंचित डुलणारा पॅड (सिंथेसायझरवर लांब धरलेला स्वरांचा थर) संपतो त्याच सुरात २००९ ची रचना उगवते. आता तेवीस वर्षांची उडी कळतही नाही.

आवाजाची पातळी. ‘स्ट्रीमिंगला उणे १४ लागतात’ (लफ्स, म्हणजे कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं माप) हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं आणि त्यापायी कितीतरी संथ संगीत लिमिटरखाली, म्हणजे शिखरं दाबणाऱ्या साधनाखाली, चेपलं जातं. लांब पॅडवर लिमिटर ताणला की श्वास घेतल्यासारखा आवाज वरखाली होतो, आणि ढोल-ताशा नसल्याने तो लपायला जागाच नसते. तुम्ही पूर्ण अल्बम सुमारे उणे १८ लफ्सवर ठेवलात, सर्वांत मोठं शिखर उणे १ डेसिबलवर (ट्रू पीक). प्रत्येक रचना वेगळी मोजून सारखी केली नाहीत. सर्वांत हळू रचना सर्वांत हळूच राहिली.

सीडीसाठी तुम्ही रचनांच्या सीमा सेकंदाच्या १/७५ भागावर, म्हणजे ५८८ सॅम्पलच्या (डिजिटल आवाजाच्या एकेका नोंदीच्या) पटीत बसवल्यात. एकात एक मिसळणाऱ्या रचनांत ही सीमा चुकली तर प्रत्येक वळणावर बारीक टक येते. एलपीच्या चार बाजू १८:४०, १९:१०, १८:२० आणि १७:५० अशा वाटल्यात. १२० हर्ट्झखालचं सगळं मोनो केलंत, कारण डावी-उजवीकडे पसरलेला सिंथेसायझरचा खर्ज सुई उडवतो. झगझगीत रचना बाहेरच्या कडेला घेतल्यात, कारण तिथे खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने जाते आणि आत शेवटाला जेमतेम २१ ने. वरचे स्वर तिथे फाटतात. चौथ्या बाजूच्या शेवटी ती अंधुक, चाळीस सेकंदांत विरणारी रचना आहे, ती यासाठीच. सरांनी ऐकली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘हे मी असंच वाजवलं होतं.’ ते वाक्य तुमचं आहे, काका, म्हणून इथे लिहून ठेवलं.

आणि काम संपल्यावरही तुम्ही टेपा परत दिल्यात त्या शेवट बाहेर राहील अशा गुंडाळून. गुंडाळीत एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो. अशा गुंडाळीत तो ठळक छाप सुराच्या आधी न येता मागून येतो आणि शेपटीत झाकला जातो. सगळ्या टेपा आता उभ्या ठेवल्या आहेत, स्पीकरपासून लांब, हवाबंद डब्यांत. प्रत्येक डब्यावर तुमच्या अक्षरात वेग, कर्व्ह, भाजल्याची तारीख आहे. सिलिका जेलच्या पुड्या आज पाहिल्या. दोन निळ्याच्या गुलाबी झाल्या होत्या, त्या बदलल्या.

तुमचेच,
अल्बमच्या कामातले आम्ही सर्वजण