ताई, वायफाय अजून चालू आहे

ताई,

माझं वायफाय चालू करून दिलंस त्या रात्री फोनवर थँक्यू म्हटलं होतं, पण तेव्हा साडेबारा वाजून गेले होते, दोघींनाही झोप आलेली आणि तू "असू दे गं, झोप आता" म्हणून फोन ठेवलास. तेव्हापासून डोक्यात होतं की नीट बसून लिहायचं, आणि असं उघड लिहायचं म्हणजे तसलाच यूएसबीचा वायफाय डोंगल हातात घेऊन कुणी अडकलं असेल तर त्यालाही कामाला येईल. शिवाय तू मला आकडे मोजून कळवायला सांगितले होतेस ते पण राहिलंय, ते शेवटी सांगते.

तुला फोन केला तेव्हा माझे दोन वीकेंड गेले होते. लॅपटॉप जुना, त्याच्या आतलं वायफाय कार्ड गेलेलं, बाकी सगळं ठणठणीत, म्हणून टाकून द्यायचं मन होत नव्हतं आणि डेबियन १२ (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून यूएसबीचा छोटा वायफाय अडॅप्टर, म्हणजे हा डोंगल, घेतला. खोक्यावर लिनक्स चालतं असं लिहिलेलं. लावला तर वायफायच्या जागी डेस्कटॉपवर सीडीचं चित्र आलं, आत विंडोजची एक सेटअप फाइल, बास. मग जे जे सापडलं ते ते मी करत गेले, कमांड कॉपी, पेस्ट, एरर, दुसरी कमांड, परत एरर. तुझ्या बहिणीने म्हणजे माझ्या मैत्रिणीने मला रडवेली झालेली पाहिलं आणि म्हणाली ताईला फोन कर, ती हेच करते दिवसभर. तू दिवसभर हेच करून घरी येतेस आणि परत रात्री माझ्यासाठी तेच करायला बसलीस, एक नाही, दोन रात्री. हे मी विसरणार नाही.

तू पहिल्यांदा काय विचारलंस आठवतंय? डोंगल कुठल्या कंपनीचा हे विचारलंच नाहीस. म्हणालीस, "खोकं बाजूला ठेव, एलएसयूएसबी टाइप कर आणि आलेली ओळ मला जशीच्या तशी वाचून दाखव." यूएसबीला काय काय लावलंय त्याची यादी ही कमांड दाखवते. मी वाचली. आयडी ०बीडीए:१ए२बी, पुढे रिअलटेकचं नाव, पुढे आरटीएल ८१८८जीयू आणि कंसात ड्रायव्हर सीडीरॉम मोड. मी लगेच म्हटलं की हो, हीच चिप आहे, मी आठवडाभर ८१८८जीयूचाच ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारं सॉफ्टवेअर, शोधतेय. तू क्षणभर थांबलीस आणि मग जे समजावलंस ते मला कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. ते नाव डोंगल स्वतः सांगत नाही, आयडीवरून एका यादीत बघून कमांड ते छापते, आणि १ए२बी हा आयडी सीडीच्या वेशातल्या बऱ्याच वेगवेगळ्या चिपांचा एकच असतो. आत खरी चिप कुठली ते वेश उतरल्यावरच कळणार. म्हणजे आठवडाभर मी चुकीच्या नावामागे धावत होते आणि तू तीन मिनिटांत मला तिथून परत आणलंस.

वेश कशासाठी तेही तूच सांगितलंस. विंडोजवाल्याकडे नेट नसताना ड्रायव्हर मिळावा म्हणून तो डोंगलमध्येच ठेवतात आणि डोंगल आधी सीडी म्हणून उभा राहतो, विंडोजमध्ये ड्रायव्हर बसला की तोच त्याला इशारा देतो की आता वायफाय हो. लिनक्सवर तो इशारा यूएसबी मोडस्विच नावाचा छोटा प्रोग्राम देतो, सीडी इजेक्ट केल्यासारखा. पण ते इन्स्टॉल करायला नेट पाहिजे आणि नेटसाठीच तर सगळा खटाटोप, तेव्हा तू म्हणालीस फोन केबलने लाव आणि यूएसबी टेदरिंग चालू कर, म्हणजे फोनचं नेट केबलमधून लॅपटॉपला मिळेल. इतकी साधी गोष्ट, मी दोन वीकेंड पेन ड्राइव्हवर पॅकेजेस ने-आण करत होते! ज्यांचं वायफाय चालत नाहीये त्यांनी सगळ्यात आधी हेच करा, फोनमधून नेट घ्या, निम्मी दमछाक वाचते.

मोडस्विच चालवलं, सीडीचं चित्र गायब झालं, परत एलएसयूएसबी केलं आणि आयडी बदललेला! ०बीडीए:सी८११. ती ओळ वाचताना माझा आवाज चढला होता आणि तू पण तिकडून "आली बघ बाहेर" म्हणालीस. चिप निघाली ८८११सीयू, तिचा ड्रायव्हर ८८२१सीयूवालाच. म्हणजे ८१८८जीयूशी काही संबंधच नाही.

वायफाय मात्र तरीही आलं नाही. मला वाटलं संपलं सगळं. तू विचारलंस, यूनेम ही कमांड टाकून कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कितवा ते बघ. ६.१. आणि तू म्हणालीस की एका आकड्याने हुकलंय गं. कर्नलमध्ये आरटीडब्ल्यू८८ हा ड्रायव्हर आधीपासून होता पण यूएसबीवरच्या या चिपांसाठी तो ६.२ पासून चालायला लागला, तो कर्नल आला फेब्रुवारी २०२३ मध्ये, आणि डेबियन १२ जरी जून २०२३ मध्ये आलं तरी त्यात ६.१ च. म्हणून बाहेरून सोर्स कोड आणून ड्रायव्हर कंपाइल करण्यापेक्षा, म्हणजे स्वतः बांधण्यापेक्षा, बॅकपोर्ट्समधला (डेबियनचाच नव्या आवृत्त्यांचा साठा) नवा कर्नल घे, म्हणजे दर अपडेटला परत कंपाइल करत बसायला नको. फर्मवेअरचं, म्हणजे चिपमध्ये भरायच्या फाइलींचं, रिअलटेकचं पॅकेज आहे ना तेही तपासून घेतलंस. ते नसतं तर डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, एरर उणे दोन दिसली असती, त्याचा अर्थ फाइल सापडली नाही एवढाच, हेही त्याच दमात सांगितलंस. मी ते वहीत लिहून ठेवलंय.

आणि आता दुसरी रात्र, जिच्यासाठी मी हे पत्र खरं म्हणजे लिहितेय.

नवा कर्नल बसला, मोडस्विच केलं, सी८११ दिसतंय, फर्मवेअर आहे, आणि तरी काही नाही. तू मॉडप्रोब या कमांडने ड्रायव्हर हाताने चढवायला लावलास आणि लगेच वायफायची यादी समोर! मी जवळजवळ ओरडलेच. रीबूट केलं, परत मोडस्विच, आणि परत काही नाही. माझा धीर सुटला होता, पण तू एकदम शांतपणे म्हणालीस, "हाताने येतोय आणि आपोआप येत नाहीये, म्हणजे कुणीतरी त्याला दारात अडवलंय." आणि मग विचारलंस, याआधी काय काय इन्स्टॉल केलं होतंस?

मी गप्प बसले. कारण मलाच धड आठवत नव्हतं. न वाचता चालवलेल्या स्क्रिप्टा होत्या, दोन-तीन तरी, आणि नंतर फोल्डर डिलीट करून मी समजत होते की काढून टाकलं. मला खरंच भीती वाटत होती की आता ऐकावं लागणार, अगं न वाचता रूटने, सगळे अधिकार देऊन, काय चालवतेस वगैरे, कारण याआधी ज्याला ज्याला विचारलं त्याने तेच ऐकवलं होतं. तू एक शब्द बोलली नाहीस ताई. "ठीक आहे, मशीनला आठवत असेल, तिलाच विचारू," इतकंच. आणि मॉडप्रोबच्या सेटिंग्ज असतात त्या मॉडप्रोब डॉट डीच्या फोल्डरमध्ये ब्लॅकलिस्ट शब्द शोधायला सांगितलास. निघालीच एक फाइल. आठवड्यापूर्वीच्या कुठल्यातरी स्क्रिप्टने ठेवलेली, बाहेरचा ड्रायव्हर आणि कर्नलमधला ड्रायव्हर भांडू नयेत म्हणून तिने कर्नलमधल्याला ब्लॅकलिस्ट केलेलं. ते त्या वेळी बरोबरच होतं. पण बाहेरचा ड्रायव्हर जुन्या कर्नलबरोबर मागे राहिला आणि अडवणारी ओळ तेवढी उरली. ब्लॅकलिस्टने फक्त आपोआप चढणं थांबतं, हाताने चढवलं तर चढतो, म्हणून आम्हाला तसं दिसत होतं.

मी डिलीट करायला निघाले तर तू थांबवलंस. डिलीट नको, नावाचं शेपूट बदल, शेवटी डॉट कॉन्फ नसेल तर मॉडप्रोब ती फाइल वाचत नाही, आणि उद्या कधी लागली तर हाताशी राहील. मग मोडस्विच दर वेळी हाताने करायला नको म्हणून यूडेवचा (काही लावलं की काय करायचं ते ठरवणारा लिनक्सचा भाग) एक ओळीचा नियम मला स्वतः लिहायला लावलास. माझे दोन टायपो झाले, तू ऐकून ओळखलेस, पण सांगितले नाहीस, "परत एकदा मोठ्याने वाच" म्हणालीस आणि माझे मलाच सापडले. तू स्क्रीन ताब्यात घेऊन दहा मिनिटांत उरकलं असतंस हे मला कळत होतं गं. एकदाही घेतली नाहीस.

रीबूट. लॉगिन. डोंगलचा निळा दिवा दोनदा लुकलुकला आणि मी हात कीबोर्डवरून उचलून धरले होते, काही दाबलं जाऊ नये म्हणून. वायफाय आपोआप जोडलं गेलं.

त्यानंतर कर्नलचे दोन अपडेट येऊन गेले, दोन्ही वेळा काही करावं लागलं नाही. मध्ये एकदा नेट दर थोड्या वेळाने झोपायचं, ते डोंगलची वीज वाचवणारं पॉवर सेव्ह बंद केल्यावर थांबलं, आणि ते मी स्वतः शोधलं, तुला सांगायचंच होतं.

आता तुझे आकडे. तू म्हणाली होतीस की यूएसबी ३ ची वायर आणि पोर्ट वायफायच्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याच्या आसपास गोंगाट करतात, इंटेलनेच २०१२ मध्ये त्यावर लिहिलंय, तेव्हा एक्स्टेंशन लावून फरक पडतो का बघ. बघितलं. हार्ड डिस्क शेजारच्याच पोर्टला, त्यावर कॉपी चालू, डोंगल थेट लॅपटॉपला, २.४ वर राउटरला १०० पिंग, म्हणजे छोटे चाचणी संदेश, पाठवले तर १९ गळाले. एक मीटरची एक्स्टेंशन लावून डोंगल लांब नेला, कॉपी तशीच चालू, तर १ गळाला. गंमत म्हणजे सिग्नलचा आकडा जवळजवळ तोच, आधी उणे ६४, नंतर उणे ६२, म्हणजे तू म्हणालीस तसं सिग्नल कमी नव्हताच, गोंगाट जास्त होता. ५ गिगाहर्ट्झवर दोन्हीकडे शून्य. केबल आता कायमची तिथेच ठेवलीये आणि हार्ड डिस्क दुसऱ्या बाजूच्या पोर्टला.

थँक्यू ताई. मनापासून.