आयटी मंत्री साहेब, नवीन टाकायच्या आधी जुनं तर काढू द्या

प्रति,
मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य

विषय : सरकारी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरचं जुनं सॉफ्टवेअर काढायला वेळ, पासवर्ड अन् पैसे मिळणेबाबत.

साहेब, नमस्कार.

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात माझं कॉम्प्युटर रिपेरिंगचं दुकान आहे, आसपासच्या सरकारी ऑफिसातले डबे बिघडले की माझ्याकडंच येतात. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला तसा सगळीकडून एकच फोन, "भाऊ, अकरा टाकून द्या, दुपारपर्यंत होईल ना?" आता खरं सांगू का, अकरा टाकायला तास-दीड तास लागतो, पण त्याच्या आधी जे जुनं चिकटून बसलंय ते काढायलाच माझे दोन-दोन दिवस जायलेत अन् त्या दोन दिवसांचं नाव कुठल्याच वर्क ऑर्डरमध्ये नाही.

आत्ता माझ्या टेबलावर एक मशीन आहे. त्यात जुना अँटीव्हायरस, लायसन संपून कैक वर्षं झालेली. काढायला गेलं की पासवर्ड मागतो. तो पासवर्ड टाकला होता वरून आलेल्या कुठल्यातरी ठेकेदाराच्या पोरानं, ठेका संपला, पोरगं पुण्याला गेलं, डब्यावर स्टिकर आहे त्याच्यावरचा नंबर लागत नाही. कंट्रोल पॅनेलमधून निघत नाही, फोल्डर डिलीट करावं तर 'परवानगी नाही' म्हणतो, अन् तो असेपर्यंत नवीन अँटीव्हायरस आत येऊ देत नाही. अपग्रेड तसंच रेटलं तर अर्ध्यावर जाऊन मशीन आपोआप मागं फिरतंय, परत दहाच्या दहाच.

दुसऱ्या एका ऑफिसात तर मजाच झाली. सी ड्राइव्ह फुल झाला म्हणून कोणीतरी हुशारानं विंडोजच्या आतलं इन्स्टॉलर नावाचं फोल्डरच रिकामं केलं. आता त्यातल्या फाईली असतात प्रोग्रॅम काढायच्या कामाच्या, त्याच गेल्या तर अनइन्स्टॉल दाबल्यावर मशीन म्हणणार मूळ सीडी घाला. म्हणलं सीडी कुठंय, तर शिपाई मामा हसायलेत. कपाटातल्या सगळ्या जुन्या सीड्या त्यांनी ज्वारीवर पाखरं बसू नयेत म्हणून शेतात दोरीला बांधल्यात! मामांची काय चूक, चार वर्षं धूळ खात होत्या.

मग सगळे म्हणतात फॉरमॅट मार. मारतो की, मला काय, माझं काम सोपं. पण भाऊसाहेबांचा सगळा कारभार डेस्कटॉपवर 'नवीन फोल्डर 14' मध्ये, डिजिटल सहीच्या टोकनचं ड्रायव्हर कुठून आणायचं कोणाला माहीत नाही, अन् सही चालली नाही की त्या दिवशी बिलं अडकली. शिव्या मलाच. त्यात 2025 च्या सप्टेंबरात आपल्याकडं अतिवृष्टीनं सगळं धुऊन नेलं, ऑफिसात पंचनाम्यांचे ढीग, त्या टायमाला कोण म्हणणार की दोन दिवस मशीन बंद ठेवा? मी पण नाही म्हणलं.

पण खरा अवघड मामला मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरचा आहे साहेब, अन् पत्र मी मुख्य त्याच्यासाठीच लिहायलोय. युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरवर सारखीच चालणारी अक्षरांची पद्धत) येण्याआधीची जी पत्रं आहेत, सुरेख नावाच्या जुन्या फॉन्टमधली वगैरे, त्या फाईलीत मराठी नसतंच. आत असतात इंग्रजी अक्षरं अन् चिन्हं, फॉन्ट फक्त त्यांना मराठीचं रूप देतो. सॉफ्टवेअरबरोबर फॉन्ट काढला की वीस वर्षांची आवक-जावक एका मिनिटात कचरा दिसायला लागते. फाईल तिथंच असते पण वाचता येत नाही, अन् फॉन्ट असला तरी त्यात शेतकऱ्याचं नाव सर्च करून सापडत नाही. युनिकोडमध्ये बदलायचे कन्व्हर्टर आहेत, मी वापरतो, पण रफार अन् जोडाक्षरं कुठंही जातात, 'कर्ज'चं 'कजर्' होतं. म्हणजे कोणीतरी मराठी जाणणारानं बसून एकेक पान तपासायला पाहिजे. कुणबी नोंदींसाठी शिंदे समितीनं आपल्या मराठवाड्यातली निजामाच्या काळातली दप्तरं धुंडाळली, मोडी अन् उर्दू वाचणारी माणसं शोधून आणावी लागली, पण निदान कागद तरी डोळ्यानं दिसत होता. 2004 ची फाईल वाचायला कोणाला आणणार?

म्हणून म्हणणं एवढंच, अपग्रेडचा आदेश काढाल तेव्हा त्यात जुनं काढायचं काम वेगळं लिहा, मशीनमागं एक दिवस तरी त्याच्यासाठी धरा. ठेकेदार बदलला की त्यानं टाकलेले सगळे पासवर्ड अन् लायसन ऑफिसच्या रजिस्टरला चढवल्याशिवाय त्याचं शेवटचं बिल काढू नका, ही अट नसल्यामुळंच निम्मी भानगड आहे. अन् जुन्या फॉन्टच्या फाईली बदलून, तपासून झाल्याशिवाय कोणाला त्या मशीनला हात लावू देऊ नका, मला सुद्धा. घाई करायचं पण कारण नाही, ऑफिसांना पैसे भरून विंडोज 10 चे सुरक्षा अपडेट ऑक्टोबर 2028 पर्यंत घेता येतात. अन् तसंही आमच्याकडचे निम्मे डबे इंटेलच्या चौथ्या जनरेशनच्या प्रोसेसरचे, अकरा इंटेलची आठवी जनरेशन अन् टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) मागतो, ते डबे बदलावेच लागणार.

अन् ते पहिलं मशीन अजून टेबलावरच आहे. ठेकेदाराचा पासवर्ड मुंबईत कोणाकडं असला तर तेवढा खाली पाठवा, भाऊसाहेब रोज दोनदा चक्कर मारायलेत.

आपला,
एक कॉम्प्युटर रिपेरिंगवाला,
जि. लातूर