हातपंपाला पथक आहे, मग नळयोजनेला का नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळा लागला की ठरावीक बातमी छापून येते : टाकी उभी, नळ बसले, पाणी नाही. बातमीच्या शेवटी कुणी अधिकारी सांगतो की योजना ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित झाली असून देखभाल गावाने करायची आहे. नियमाला धरूनच बोलतो तो. पण गावच्या पाणीपुरवठा समितीवर काम केलेल्या माणसाला हे वाक्य ऐकून चीड येते.

समितीवर असतात ती दिवसा रानात जाणारी माणसे आणि बचतगटाच्या बायका. मोटार जळाली की आधी चेनपुली शोधायची, चार गडी गोळा करून पाइपासकट मोटार वर घ्यायची, टेम्पोत टाकून तालुक्याला न्यायची. तिथे रिवायंडिंगवाल्याकडे ऐन एप्रिलमध्ये डाळिंबवाल्यांच्या मोटारी आधीच रांगेत. स्टार्टरचे पॅनल ठेकेदाराने कुठल्या कंपनीचे बसवले ते त्यालाच माहीत, आणि बिल निघाल्यावर तो फोन उचलत नाही. तोवर शिव्या खायच्या त्या पाणी सोडणाऱ्याने. व्हॉल्व्ह तोच फिरवतो, टीसीएल (पाणी शुद्ध करणारी ब्लीचिंग पावडर) तोच टाकतो, गळती तोच काढतो आणि मानधन त्याचेच थकते.

याउलट हातपंप बघा. आज जगभर 'इंडिया मार्क टू' म्हणून ओळखला जाणारा पंप आमच्या सोलापुरात तयार झालेल्या पंपावरून घडला. सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीने त्याचे प्रमाणीकरण झाले आणि तो आफ्रिकेतही गेला. युगांडात त्याच धर्तीचा पंप 'यू टू' या नावाने चालतो. बांधणी दणकट होती हे खरेच, पण माझ्या मते तो टिकला तो दोन गोष्टींमुळे. साखळी, बेअरिंग, वॉशर सगळीकडे एकाच मापाचे. आणि दुरुस्तीला पंचायत समितीचे पथक, ज्यासाठी ग्रामपंचायत दर पंपामागे वर्षाची वर्गणी भरते. पथकाच्या गाडीत कधी डिझेल नसते, कधी माणूस नसतो, हे मान्य. तरी तक्रार कुठे करायची ते गावाला ठाऊक असते.

2019 मध्ये जाहीर झालेल्या, घरोघरी नळ देणाऱ्या केंद्राच्या जलजीवन मिशनने माणशी रोज 55 लिटरचे उद्दिष्ट ठेवले. गावांतर्गत कामाच्या खर्चाचा 10 टक्के, डोंगरी व आदिवासी भागात 5 टक्के वाटा गावाने उचलावा, म्हणजे योजना आपली वाटेल, असा हिशेब. ही कल्पना स्वजलधारा, जलस्वराज्य या आधीच्या पाणीयोजनांपासूनची. तेव्हा आमच्या भागात काही ठिकाणी ती लोकवर्गणी ठेकेदारानेच परस्पर भरली, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होते. मग योजना आपली कशी वाटणार?

पाणीपट्टीचा दोष मात्र आमचाच. निवडणूक तोंडावर आली की ग्रामसभेत दरवाढीचा विषय कुणी काढत नाही. जमा होते त्यात विजेचे बिलही धड भागत नाही, मग वित्त आयोगाच्या बंधित (ठरलेल्या कामांसाठीच वापरता येणाऱ्या) निधीकडे डोळे लावायचे. उद्भव विहिरीच्या (योजनेला पाणी देणाऱ्या विहिरीच्या) शेजारी नवे बोअर पडते तेव्हाही सगळे गप्प. पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून 500 मीटरच्या आत विनापरवानगी विहीर नको, हा कायदा 1993 सालीच झाला होता. पण भावकीविरुद्ध अर्ज करायचा कुणी?

तेव्हा गावाने पट्टी वाढवावी, वेगळ्या खात्यात ठेवावी, हे आम्ही गावात सांगूच. जिल्हा परिषदेने आपल्या बाजूने प्रत्येक तालुक्यात नळयोजनांसाठी दुरुस्ती पथक नेमावे : एक वायरमन, एक फिटर, चेनपुली असलेली गाडी आणि प्रचलित अश्वशक्तीच्या दोन-तीन मोटारी कायम शिल्लक. जळालेली मोटार द्यायची, चालू मोटार घेऊन जायची. वर्गणी योजनेमागे ठरवा, गावे भरतील. आणि पुढच्या निविदांत मोटार, पॅनल, व्हॉल्व्ह जिल्हाभर एकाच प्रकारचे घ्या. यंदा निदान एका तालुक्यात हे सुरू करावे, ही विनंती.

आपला,
पाणीपुरवठा समितीचा एक माजी सदस्य
ता. सांगोला, जि. सोलापूर